रिडेव्हलपमेंटमध्ये "ग्रीन बिल्डिंग"चा एफएसआय बिल्डरला आणि वीजबिल आम्हाला? करारात नक्की काय मागायचं?

कोथरूडची_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडात, जुनी, चार मजली, बिनलिफ्टची, प्लॉट साधारण दीड हजार चौरस मीटर. रिडेव्हलपमेंट फायनल होत आलंय, तीन बिल्डर शेवटच्या फेरीत आहेत आणि तिघांच्याही प्रेझेंटेशनमध्ये पहिल्याच स्लाइडवर हिरवी पानं आणि "ग्रीन बिल्डिंग". मी सरळ विचारलं की ग्रीन म्हणजे आमच्या घरात नक्की काय वेगळं होणार, तर एकाने सांगितलं पार्किंगमध्ये एलईडी, दुसरा म्हणाला सोलर तर असतंच मॅडम, आणि तिसरा जरा मोकळा माणूस होता, तो म्हणाला रेटिंग घेतलं की आम्हाला एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढवून मिळतो. आमच्या सभासदांना विचाराल तर कार्पेट (घराचा आतला एरिया), कॉर्पस (बिल्डर देतो तो निधी) आणि भाडं या तीन शब्दांपलीकडे मीटिंग जातच नाही.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. एक म्हणजे सरकारी धोरण म्हणून यात खरंच काय आहे आणि त्याचा फायदा कोणाच्या खिशात जातो. दुसरं, डीएमध्ये (बिल्डरशी होणारा विकास करार, अजून सही व्हायचाय) आपण काय लिहून घेऊ शकतो जेणेकरून पुढची तीस-चाळीस वर्षं उन्हाळ्यात एसीशिवाय बसता येईल. घरात आमच्या यावरून वाद चालू आहे, यांचं म्हणणं सरकारने सक्तीच करायला पाहिजे, आणि आमचे खजिनदार काका म्हणतात सक्ती केली की पैसे खायची अजून एक खिडकी उघडली. अनुभवी लोकांनी जरा सांगा.

---

सदाशिवपेठी_आर्किटेक्ट

ताई, तिसरा बिल्डर खरं बोलला, त्याला वरचे दोन मार्क द्या.

राज्याची जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, यूडीसीपीआर, २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेली, तिच्यात ग्रीन बिल्डिंगसाठी जादा एफएसआय आहे. ग्रिहाचे तीन स्टार किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर (दोन्ही ग्रीन बिल्डिंगची रेटिंगं) असेल तर बेसिक एफएसआयवर ३ टक्के, चार स्टार किंवा गोल्ड असेल तर ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनम असेल तर ७. तुमच्याच प्लॉटवर हिशेब करू. १५०० चौ.मी. गुणिले १.१ (बेसिक एफएसआय) म्हणजे १६५०, त्याचे ५ टक्के म्हणजे साडेब्याऐंशी चौरस मीटर, म्हणजे ८८८ स्क्वेअर फूट. कोथरूडचा आजचा दर तुम्हीच लावा आणि आकडा बघा. आता टेंडर कम्पेअर करताना हा एरिया बिल्डरने कुठे दाखवलाय ते शोधा, बहुतेक फिजिबिलिटीमध्ये तो दिसणारच नाही, शेवटी हळूच येतो.

कबूल केलेलं रेटिंग पूर्णत्वाच्या वेळी मिळालं नाही तर दंडाची तरतूद आहे, म्हणजे अगदीच मोकळं रान नाही. पण रेटिंग हे पॉइंटांचं गणित असतं. सायकल स्टँड, देशी झाडं, पाणी वाचवणारे नळ, कचरा वेगळा करणं, या सगळ्याचे पॉइंट मिळतात आणि त्यातलं वाईट काहीच नाही, पण तुमची पश्चिमेची बेडरूम मे महिन्यात किती तापते हे त्यातून थेट कळत नाही.

ते ज्यातून कळतं तो वेगळा कोड आहे आणि त्याचं नाव बिल्डरच्या स्लाइडवर तुम्हाला दिसणार नाही. इको निवास संहिता. बीईई म्हणजे एसी-फ्रीजवर स्टार लावणारं खातं, त्यांनी २०१८ मध्ये घरांसाठी काढला, ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी. त्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे, सोप्या भाषेत भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता, ती दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत पाहिजे. छताला वेगळी मर्यादा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, खोलीच्या मानाने किती खिडकी *उघडली* पाहिजे याचा पण नियम आहे. खिडकी असणं वेगळं आणि उघडणं वेगळं, दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी तुम्ही कितीही सरकवा ती अर्धीच उघडते, कारण दुसरी काच मागे उभीच असते. आपल्याकडे संध्याकाळी वारं सुटतं पुण्यात, ते अर्धं तिथेच अडतं.

२०२२ ला ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या, १०० किलोवॅट किंवा त्यापुढचा कनेक्टेड लोड असलेल्या, आणि ही मर्यादा खाली आणायची मुभा राज्यांना आहे. पण इमारतीचे नकाशे तपासते पालिका. दिल्लीत कोड छापला तरी राज्याच्या नियमात आणि पालिकेच्या परवानगीच्या चेकलिस्टमध्ये तो बसेपर्यंत साइटवर कोणाला काही फरक पडत नाही. म्हणून माझं म्हणणं, सरकारची वाट बघू नका, कराराला जोडा. "बांधकाम इको निवास संहितेच्या आरईटीव्ही मर्यादेत असेल आणि त्याचं कॅल्क्युलेशन नकाशासोबत सोसायटीला देण्यात येईल" एवढं एक वाक्य. कॅल्क्युलेशन फार अवघड नसतं, कोणताही धड आर्किटेक्ट करून देईल.

---

वाकड_अकरावा_मजला

भिंतीचं काय ते आधी विचारा ताई, बाकी सगळं नंतर!!

आमची बिल्डिंग मायव्हानची, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात ना ती. बिल्डरला भारी पडतं कारण स्लॅब पटापट पडतात, प्लास्टर वाचतं, भिंत पातळ असल्यामुळे कार्पेट पण बरं दिसतं. पण आमची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता हात लावून बघा, गरम असते, बाहेर गार वारं सुटलेलं असतं आणि ही बाई आत उष्णता सोडत बसलेली असते. मुलगा त्या भिंतीला पलंग लावू देत नाही. पुण्यात एसी लागत नाही म्हणत इकडे राहायला आलेलो आम्ही, आता दोन आहेत.

आणि हो, सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा तिथे एसी चालूच असतो, तो बंद करून पंधरा मिनिटं बसू द्या म्हणावं. आम्हाला कोणी सांगितलं नाही हे.

---

सदाशिवपेठी_आर्किटेक्ट

वाकडकर, अगदी बरोबर नस पकडलीत. काँक्रीट उष्णता वाहून नेतं ते एएसी ब्लॉकच्या (ते पांढरे हलके ब्लॉक) आठ-नऊ पट. त्यामुळे एकाच जाडीच्या दोन भिंती, एकीच्या आत तुम्ही सुखाने झोपाल आणि दुसरीच्या आत रात्रभर कूस बदलत राहाल. मायव्हान वाईट असं नाही म्हणणार मी, गळती कमी, मजबुती चांगली, पण मग पश्चिम-दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून किंवा आतून इन्सुलेशन द्यायला लागतं आणि ते द्यायचं म्हटलं की बिल्डरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अजून एक, छज्जा. आपल्या एरंडवण्या-प्रभात रोडच्या जुन्या बंगल्यांना बघा प्रत्येक खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा असायचा. आता एलिव्हेशन सपाट पाहिजे म्हणून तो गेला आणि वर मोठी काच आली. ऊन काचेतून आत आल्यावर तुम्ही कितीही जाड पडदा लावा, उष्णता घरात आलेलीच असते, ती अडवायची तर काचेच्या बाहेरच अडवायला पाहिजे. पश्चिमेला नुसता आडवा छज्जा पुरत नाही कारण ऊन तिरकं येतं, तिथे उभी फिन (खिडकीच्या बाजूला बाहेर आलेली उभी पट्टी) किंवा बाहेरून सरकणारी लूव्हरची झडप लागते.

---

थेट_बोलतो

सगळं वाचलं. आर्किटेक्ट साहेबांचं बरोबर असेल पण मी खजिनदार काकांच्या बाजूने. आमच्याकडे सक्तीचं काय होतं ते सोलर वॉटर हीटरला विचारा. पुण्यात नव्या बिल्डिंगला सोलर गरम पाणी बंधनकारक होऊन जमाना झाला, प्रत्येक टेरेसवर ते नळकांड्यांचं यंत्र दिसतं, त्यातली चालू किती? आमच्या बिल्डरने भोगवटा पत्र मिळेपर्यंत चकाचक लावलं, पहिल्या वर्षात टँकरच्या पाण्याने क्षार साचून ट्यूबा पांढऱ्या झाल्या, वरच्या दोन मजल्यांना कढत पाणी आणि खालच्यांनी बादलीभर गार पाणी सोडून द्यायचं तेव्हा कोमट यायचं, कारण पाणी फिरतं ठेवायला रिटर्न लाइन आणि पंप लागतो तो दिलाच नव्हता, शेवटी सगळ्यांनी गीझर लावले. आता वर भंगार पडलंय आणि कबुतरं आहेत. नियम पाळला का? पाळला. वीज वाचली का? उलट पाणी पण गेलं.

त्यामुळे अजून कोड आणा, अजून सर्टिफिकेट आणा याला माझा ठाम विरोध आहे. लोकांना स्वस्त पडलं की लोक आपोआप करतात. एलईडी बल्ब कोणी सक्तीने लावले का?

---

पंपवाले_काका

(मी निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनियर, आता चार-पाच सोसायट्यांना फुकटचे सल्ले देतो म्हणून नाव पडलं.)

थेट बोलतोजी, एलईडीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते चांगलंच आहे पण ते तुमच्या विरुद्ध जातंय. बल्ब आपोआप स्वस्त नाही झाले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. मग ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधींच्या एकगठ्ठा ऑर्डरी काढल्या, २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, आणि दोन वर्षांत खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले. आपणही महावितरणचं बिल दाखवून रांगेत उभं राहून घेतलेतच की. सक्ती नव्हती हे खरं, सबसिडी पण नव्हती, पण धोरण शंभर टक्के होतं, गिऱ्हाईक म्हणून सरकारनेच बाजार हलवला.

आणि एसीवरचे स्टार बघा. २००६ ला सुरू झाले, पुढे सक्तीचे झाले, आणि दर काही वर्षांनी पट्टी वर सरकवतात. २०२२ च्या जुलैत एसीची पट्टी सरकली तेव्हा आदल्या दिवशीचा पाच स्टार दुसऱ्या दिवशी चार स्टार झाला. कंपन्या कुरकुरल्या पण माल सुधारला. छताच्या पंख्यांना २०२३ पासून स्टार सक्तीचे आहेत. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, चार पंखे म्हणजे पासष्टच्या घरात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर गेलात की पुढचा स्लॅब दुपटीच्या आसपास पडतो, त्यामुळे वाचतात ती महागडी युनिटं वाचतात.

आता फरक कुठे आहे. पंखा विकत घेणारा मीच आणि बिल भरणाराही मीच, म्हणून स्टिकर बघून मी ठरवतो. भिंतीचं तसं नाही. भिंत निवडणारा बिल्डर चार वर्षांत पुढच्या साइटवर गेलेला असतो आणि बिल मात्र तुम्ही चाळीस वर्षं भरता. तिथे "स्वस्त पडलं की लोक करतात" हे चालत नाही कारण ज्याला स्वस्त पडायला पाहिजे तो निवडतच नाही. सक्ती लागते ती फक्त तिथे. तुमचं सोलर हीटरचं दुःख सक्तीचं नाही हो, तपासणीचं आहे. यंत्र *बसवलं का* हे तपासलं, पाणी *गरम येतं का* हे कोणी नाही तपासलं.

सेक्रेटरी ताई, तुमच्या करारासाठी माझ्याकडून. नवी बिल्डिंग उंच होणार, मग कॉमन बिलात पंप आणि लिफ्ट हेच मोठे खाणारे. साइटवर पंप नेहमी गरजेपेक्षा मोठा देतात, मग दाब जास्त येतो म्हणून वाल्व्ह अर्धा आवळून चालवतात, म्हणजे एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक. पंपाचा ड्यूटी पॉइंट (किती उंचीला किती पाणी चढवायचं ते) आणि त्या ठिकाणची एफिशियन्सी लिहून घ्या, कंपनीचं नाव लिहून घेण्यात काही अर्थ नाही. लिफ्टला व्हीएफडी ड्राइव्ह (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा). पंप, लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) आणि दिवे यांना वेगवेगळे सब-मीटर, हे अगदी स्वस्तातलं काम आहे आणि कोणी मागत नाही, नंतर भांडण होतं तेव्हा कुठे वीज जाते हेच कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बिल्डरच्या बँक गॅरंटीचा एक छोटा हिस्सा भोगवटा मिळाल्यावर लगेच सोडू नका, एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, कॉमन मीटरची बिलं बघा, गरम पाणी तळमजल्यावर येतंय ते बघा, मग सोडा.

---

भाड्याच्या_घरात_सुखी

सगळे मालकच बोलतायत म्हणून मधे पडतो 🙂 आम्ही भाडेकरू. बाणेरला टू बीएचके, वरचा मजला. मालकाला म्हटलं टेरेसला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घ्या, तर म्हणे तुम्हाला गरम होतं, तुम्ही मारा. मी कशाला मारू, मी पुढच्या वर्षी असेन-नसेन. मालक-भाडेकरूमध्ये तीच बिल्डर-सभासदांची गोष्ट आहे.

माझी बहीण लंडनजवळ राहते, तिकडे घर भाड्याने द्यायचं तर एनर्जी सर्टिफिकेट लागतं, ए ते जी अशा ग्रेड, आणि २०१८ पासून ई च्या खालच्या ग्रेडचं घर नव्या भाडेकरूला देताच येत नाही (काही सवलती आहेत). मालक झक मारत सुधारतो. आपल्याकडे बीईईने घरांसाठी स्टार लेबल आणलंय पण ते ऐच्छिक, मी तरी एकाही ब्रोकरच्या तोंडून ऐकलं नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत वास्तू लिहितात, पश्चिमेची भिंत कशाची आहे ते लिहीत नाहीत.

---

थेट_बोलतो

पंपवाले काका, बिल्डर-सभासद हा मुद्दा मान्य. पण तपासणार कोण? पालिकेत आधीच माणसं कमी. मिळकतकरात सोलर, गांडूळखत, रेनवॉटर हार्वेस्टिंग याला ५ ते १० टक्के सवलत आहेच की, तिथे पण तेच, एकदा खड्डा दाखवला की सवलत सुरू.

---

पंपवाले_काका

प्रकल्प बंद दिसला तर ती सवलत काढून घेता येते, तो नियम चांगला आहे, फक्त बघायला माणूस जायला लागतो. म्हणूनच मी म्हणतो माणूस पाठवूच नका, मीटर बघा. महावितरणकडे प्रत्येक इमारतीचे महिन्याचे युनिट आहेत, पालिकेकडे प्रत्येकाचा बांधकाम एरिया आहे. भागाकार करा आणि मिळकतकराच्या बिलावर छापा की तुमची सोसायटी चौरस फुटाला इतकं खाते आणि तुमच्या पेठेतली सरासरी इतकी. सवलत द्यायची तर त्या आकड्यावर द्या. न्यूयॉर्कने तर २०१९ ला कायदाच केला, २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून कार्बनची वार्षिक मर्यादा, वर गेलात तर टनामागे २६८ डॉलर दंड. तितकं कडक आपल्याकडे लगेच नको, पण आकडा तरी दिसू द्या. शेजारची सोसायटी कमी खाते हे पुणेकराला कळलं की पुढचं काम दंडाशिवाय होतं.

---

सदाशिवपेठी_आर्किटेक्ट

काकांच्या शेवटच्या वाक्याला टाळ्या.

ताई, टेरेसबद्दल राहिलं. आत्ताच ठरवून टाका की टेरेस कोणाचं. चौदा मजली बिल्डिंग झाली तरी टेरेस तेवढंच राहतं आणि त्यावर पाण्याच्या टाक्या, सोलर हीटर, लिफ्ट रूम आणि वर बिल्डरचं "स्काय लाउंज". एका किलोवॅट सोलरला साधारण शंभर स्क्वेअर फूट बिनसावलीची जागा लागते आणि रोजची सरासरी चार युनिट धरा. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८ हजार रुपये सबसिडी आहे, म्हणजे वीस किलोवॅट बसवलंत तर लिफ्ट-पंपाचा बराचसा भार निघतो. पण त्यासाठी टेरेसपासून मीटररूमपर्यंत केबलची वाट आत्ताच सोडून ठेवायला लागते, नंतर ती चकाचक लॉबीतून पीव्हीसी पाइप फिरवत आणतात. टेरेसवर उरलेल्या जागेला चायना मोझॅक पांढरंच घ्या, डिझाइनच्या नादात चॉकलेटी टाइल नको.

---

कोथरूडची_सेक्रेटरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तर आमच्या पेड कन्सल्टंटने पण सांगितलं नव्हतं. रविवारी एसजीएम (सोसायटीची विशेष सभा) आहे. मी चारच गोष्टी मांडणार आहे, जास्त मांडल्या तर एकही पास होत नाही: संहितेप्रमाणे भिंतीचं कॅल्क्युलेशन, टेरेस सोसायटीचं आणि केबलची वाट, सब-मीटर, आणि गॅरंटीचा हिस्सा एक उन्हाळा राखून. आणि ते ८८८ फूट कुठे गेले हे मी तिघांनाही लेखी विचारलंय, एकाचा लगेच फोन आला की भेटून बोलू.

खजिनदार काकांना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांचा एकच प्रश्न आहे, छज्जा दिला तर तो आमच्या कार्पेटमधून कापणार का?

---

सदाशिवपेठी_आर्किटेक्ट

नाही, छज्जा कार्पेटमध्ये धरतच नाहीत. जाड भिंत पण कार्पेटमधून जात नाही, कार्पेट आतून आतून मोजतात, जातो तो बिल्डरचा एफएसआय, म्हणून तो भेटून बोलू म्हणतोय. भेटा, पण एकट्या जाऊ नका, कमिटी घेऊन जा आणि मिनिट्स लिहा.